निकिताची सही

प्रयागबाईच्या हाताला यश आहे, असं केनवडात सगळे म्हणत, आणि प्रयागबाईने ते कधी नाकारलं नाही. वांग्याचं, मिरचीचं, पानकोबीचं रोप घ्यावं तर तिच्या वाफ्यातलं. बाजाराच्या दिवशी ती जुड्या मांडून बसली की गिऱ्हाइकाला घासाघीस करायची छाती होत नसे. "लावून पाय, मेलं त दुसरं घेऊन जा," असं ती सांगे. दुसरं न्यायला सहसा कोणी येत नसे, काही रोप जगल्यामुळे आणि काही तिच्या तोंडाला भिऊन.

घरातही तोच बाणा. नवरा, पंजाबराव, जाऊन बारा वर्षं झाली होती आणि तेव्हापासून दोन एकरांचा मळा तिच्याच हुकमाने हिरवा होत होता. मुलगा दिनेश गरीब गाय. आई म्हणेल ती पूर्व दिशा. सून निकिता बारावी शिकलेली, कमी बोलणारी. पण शॅम्पूच्या पुडीवरचा मजकूरसुद्धा वाचल्याशिवाय पुडी फोडायची नाही, असा तिचा स्वभाव. हे लग्न प्रयागबाईनेच जुळवलं होतं. छत्तीसपैकी एकोणतीस गुण जुळले म्हणून तिने पेढे वाटले होते. रक्त जुळवून पाहायचं असतं, हे तेव्हा तिला कोणी सांगितलं नव्हतं.

ते तनुजा झाल्यावर कळलं. दिनेशच्या रक्तात अर्धा दोष, निकिताच्या रक्तात अर्धा, आणि दोन्ही अर्धे मिळून पोरीच्या वाट्याला पूर्ण आला. सिकलसेल. थंडी पडली की पोरीची हाडं ठणकायची. ती रडायची नाही, दात आवळून आजीचा हात धरून ठेवायची, आणि दुखणं ओसरेपर्यंत प्रयागबाईच्या मनगटावर तिच्या बोटांचे वळ उठलेले असायचे. ज्या बाईच्या वाफ्यातलं एक रोप कधी वाळलं नाही, तिला स्वतःच्या घरचं हे रोप सावरता येत नव्हतं.

तनुजा सात वर्षांची असताना निकिताला पुन्हा दिवस गेले. नागपूरच्या एका मोठ्या दवाखान्यात पोटातल्या बाळाची तपासणी केली. आठ दिवसांनी निकाल आला: यालाही तेच, पूर्ण. डॉक्टरांनी सांगितलं, ठेवायचं की नाही हे तुम्ही ठरवा. कायद्याने दोन्ही वाटा मोकळ्या आहेत.

कायद्याने मोकळ्या असतील. घरात एकच वाट मोकळी होती, आणि ती प्रयागबाईने दाखवली.

"एक लेकरू तळमळते ते पुरे नाही झालं काय?" ती म्हणाली. "दुसऱ्यालेई त्याच घान्यात घालतं?"

निकिता शेंगा निवडत होती. मान वर न करता तिने विचारलं, "तनुजा झाली नसती त बरं झालं असतं, असं म्हनता काय आत्याबाई तुमी?"

"असं कोन म्हनलं?"

"मंग याले काहून नाही येऊ द्याचं?"

अडचणीत सापडली की प्रयागबाईचा आवाज चढायचा, तसा तो चढला. ती अर्धा तास बोलली. पोरीच्या दुखण्याचा एकेक दिवस तिने मोजून दाखवला. दिनेश खाली मान घालून बसला होता. शेवटी निकितानेच हात झटकले.

"ठीक हाये," ती म्हणाली. "पन मले एक शब्द द्या. त्याले दवाखान्याच्या कचऱ्यात जाऊ द्याचं नाही. घरी आना. आपल्या मातीत ठेवा."

"आनीन," प्रयागबाई म्हणाली. "माहा शब्द."

ती तेव्हा खोटं बोलत नव्हती. लहान जीव जाळत नाहीत, त्याला माती देतात, पोटातलंही त्यातच आलं. हे तिला कोणी शिकवायची गरज नव्हती. तिने जुन्या पातळाचं एक पांढरं फडकं धुऊन, घडी घालून पिशवीत घेतलं, आणि तिघं नागपूरला गेली.

सगळं पार पडलं. निकिता भिंतीकडे तोंड करून पडली होती. दिनेश औषधं आणायला खाली गेला होता. तेवढ्यात एक डॉक्टरीणबाई आल्या, वयाने निकिताहून थोड्याच मोठ्या, आणि प्रयागबाईला व्हरांड्यात घेऊन बसल्या. त्यांनी हळूहळू, समजावून सांगितलं. अशा बाळाच्या यकृतात रक्त बनवणाऱ्या मूळ पेशी असतात. आम्ही त्यांचा अभ्यास करतो. सिकलसेलवर पक्का उपाय सापडावा म्हणून ही धडपड आहे. सापडेलच असं नाही, सापडला तरी कदाचित तुमच्या नातीच्या मुलांच्या काळात. तुमच्या सुनेची इच्छा असेल तरच. नसेल तर काही बिघडत नाही, तुम्ही बाळाला घरी न्या. हा कागद तिला नीट वाचून दाखवा, मी थोड्या वेळाने येते.

एवढ्या बोलण्यातून प्रयागबाईने सिकलसेल, उपाय आणि नात एवढंच उचललं आणि बाकीचा पाला टाकून दिला. बी टाकलं की चाळिसाव्या दिवशी रोप, हे तिचं जन्माचं गणित. तिला वाटलं, इथं हे दिलं की तिकडे तनुजाचं औषध तयार होईल. उन्हाळ्यात नाही तर दिवाळीपर्यंत तरी. मग पोरीला कुणाच्या मनगटावर बोटं आवळून बसायला नको.

निकिताला विचारायचं, असं तिच्या मनात आलं होतं. दारापर्यंत ती त्याच विचाराने गेली. पण ती नाही म्हणाली तर? तिने मातीचा शब्द घेतला आहे. आता तिला हे पटवायचं म्हणजे पुन्हा अर्धा तास बोलावं लागेल, आणि पोरगी आधीच भिंतीकडे तोंड करून पडली आहे. प्रयागबाईने आयुष्यात कुठल्या गिऱ्हाइकाला नाही म्हणायची संधी दिली नव्हती.

"हा कायचा कागद?" निकिताने विचारलं.

"घरी न्याचा," प्रयागबाई म्हणाली. "सही कर इथं."

शॅम्पूच्या पुडीवरचं वाचणाऱ्या पोरीने तो कागद वाचला नाही. डोळे पुसले आणि सही केली. डॉक्टरीणबाई येऊन म्हणाल्या, "सासूबाईंनी सगळं सांगितलं ना? तुमची मर्जी आहे ना?" निकिताने मान हलवली. घरी न्यायला कोणाची मर्जी नसेल?

दुसऱ्या दिवशी दिनेश आणि निकिता दवाखान्यातच राहिले आणि प्रयागबाई पुढे निघाली, "मी जाऊन मातीचं पाह्यतो" म्हणून. मांडीवर पांढऱ्या फडक्याचं गाठोडं धरून ती एसटीने केनवडला उतरली. गाठोड्यात वजनाला म्हणून नागपूरच्या दुकानातून घेतलेलं मीठ होतं, दुसरं काही नाही. मळ्याच्या अगदी खालच्या कोपऱ्यात, जिथं पाणी साचून जमीन चिबडून गेली होती आणि काहीच पिकत नव्हतं, तिथं तिने गुडघाभर खड्डा घेतला, गाठोडं ठेवलं, हळद वाहिली, माती लोटली आणि वर दगड ठेवला. खोटं बोलायलाही जमीन लागते, आणि प्रयागबाईने त्यासाठी चांगली जमीन वाया घालवली नाही.

गावाने आपला अर्थ लावला. पोरगी होती म्हणून पाडली, असं शेजारची रंगूबाई चारचौघींत बोलली. प्रयागबाईने भर बाजारात तिची खरडपट्टी काढली, "मुलगा होता का मुलगी हे आमाले माईतच नाही, अन् तुले कुठून माईत झालं?" म्हणून. त्या भांडणात तिला जरा बरं वाटलं. निदान तो एक आरोप तरी खोटा होता.

मग ती वाट पाहू लागली. "नागपूरचा फोन आला काय?" असं ती दिनेशला दर चार दिवसांनी विचारी. त्याला वाटे, तपासणीचा असेल. उन्हाळा गेला, दिवाळी गेली, थंडी आली आणि तनुजाची बोटं पुन्हा मनगटावर आवळली गेली. फोन आला नाही. तिकडे निकिता दर अमावस्येला दिवेलागणीच्या आधी खालच्या कोपऱ्यात जाई, दगडाशी पणती लावी, चमचाभर दूध वाही आणि येऊन मुकाट्याने भाकरी थापायला बसे. पहिल्या अमावस्येला प्रयागबाई वाफ्यात बसून ते पाहत राहिली. दुसरीपासून तिने त्या दिवशी त्या बाजूचं काम धरणं सोडलं. मीठ पुरलेल्या जागी पोरगी दूध वाहते आहे, आणि हे जगात फक्त आपल्याला माहीत आहे, हा विचार तिला भाकरीच्या घासात कचकचायचा.

गावात सप्ताह बसला तेव्हा कीर्तनकार महाराजांनी भ्रूणहत्येवर तासभर सांगितलं. बायका चोरून प्रयागबाईकडे पाहत होत्या. ती शेवटपर्यंत ताठ बसली. दुसऱ्या दिवशी सप्ताहाच्या स्वयंपाकाला वांग्याची पाटी घेऊन गेली आणि महाराजांना एकटं गाठून म्हणाली, "महाराज, दुखन्यातून सोडवाले पाडलं त तेई पापच काय?"

महाराज तरुण होते. कीर्तनातला जोर त्यांनी मंडपातच ठेवला असावा. ते म्हणाले, "माय, खरं सांगू काय? माह्याजवळ याचं उत्तर नाही. मंडपात बोलाले सोपं असते. पन तुमाले मन कायनं खाऊन राह्यलं ते पाहा. पाडल्यानं, का दुसऱ्या कायनं?"

प्रयागबाई वांग्याची रिकामी पाटी उचलून तडक निघाली. रस्ताभर ती महाराजांना शिव्या देत होती. कालचं पोरगं, आणि बरोबर ठसठसणाऱ्या जागी बोट ठेवलं. पाडल्याचं तिला दुःख होतं, पण त्या दुःखासमोर ती उभी राहू शकत होती. चूक असेल तर देवाला जाब देईन म्हणायची तिची तयारी होती. तिला खात होती ती सही. त्या वर्षी तिने तीन वेळा निकिताला सांगायचं ठरवलं आणि तिन्ही वेळा काहीतरी दुसरंच बोलून मोकळी झाली. एकदा तर उगीच तिच्या भाजीला मीठ जास्त झालं म्हणाली.

असं दोन वर्षं चाललं. मग यंदा दिनेशने शेततळ्याचा अर्ज केला आणि तो मंजूर झाला. मोजायला आलेल्या साहेबांनी उतार पाहिला आणि खालच्या कोपऱ्याशिवाय दुसरी जागाच नाही, असं सांगितलं. दिनेशने घरी येऊन हे सांगितलं. जेवणं झाल्यावर निकिता म्हणाली, "जेसीबी लावाच्या आधी मी त्याले काढून घेईन. वरच्या धुऱ्यावर ठेवू."

"दोन वर्सं झाले माय," प्रयागबाई घाईने म्हणाली. "काय राह्यलं असन आता? माती झाली त्याची."

"मंग माती नेईन," निकिता म्हणाली.

ठरल्या दिवशी सकाळी जेसीबी आला. चालवणारा गुलाबसिंग मानोऱ्याकडच्या तांड्यावरचा, वयस्क माणूस. दिनेशने त्याला बाजूला घेऊन काय आहे ते सांगितलं. त्याने यंत्र बंद केलं, खाली उतरला आणि म्हणाला, "बाईचं होऊ दे निवांत. मले घाई नाही." आणि तो पाठ करून लांब बांधावर जाऊन बसला.

निकिताने दगड बाजूला केला. फावडं घेतलं नाही, खुरप्यानेच ती हलक्या हाताने माती ओढू लागली. प्रयागबाई चार पावलांवर उभी होती. तिला आठवलं, फडकं टेरिकॉटच्या पातळाचं होतं. ते कुजत नाही. आणि ते तसंच निघालं, मळकट, ओलं, गाठ अजून बसलेली. मीठ कधीच विरघळून गेलं होतं. निकिताने गाठ सोडली नाही. दोन्ही हातांनी फडकं उचललं आणि आपल्या पदरात घेतलं.

"हल्लक झालं," ती म्हणाली.

म्हणजे खोटं पचलं होतं. आता कोणालाही कधीही कळणार नव्हतं. मातीने खाल्लं म्हणायचं आणि मोकळं व्हायचं. वरच्या बांधावर नवा दगड बसेल, तिथं पुढची वीस वर्षं पणती लागेल, आणि प्रयागबाई मरून गेली की खोटं तिच्याबरोबर जाईल. तिला फक्त गप्प उभं राहायचं होतं. तिला वाटलंही, उभी राहते.

पण निकिता पदरातल्या त्या गाठोड्याशी बोलू लागली. तनुजाला शाळेसाठी उठवताना बोलायची त्याच आवाजात. "चाल," ती म्हणाली, "वर जाऊ आता. इथं लई पानी साचते."

"निकिता, त्यात काही नाही," प्रयागबाई म्हणाली.

"माईत हाये. माती झाली."

"माती नाही अवं. त्यात कधीच काही नव्हतं. मीठ बांधलं होतं मी."

निकिताने मान वर केली. दिनेश दोन पावलं पुढे आला आणि थांबला. प्रयागबाई उभ्या उभ्या सगळं सांगत गेली: व्हरांडा, डॉक्टरीणबाई, मूळ पेशी, कागद. तिला वाटलं होतं, सांगताना आपल्याला रडू येईल. आलं नाही. जन्मभर ज्या तोंडाने माल खपवला त्या तोंडातून शब्द एकेक करून, ओढून काढावे लागत होते.

"सही कोनाची होती?" निकिताने विचारलं.

"तुही."

"मी कागद वाचला नाही," निकिता म्हणाली. हे ती स्वतःलाच सांगत होती.

"मीच म्हनलं ना तुले, घरी न्याचा हाये म्हून. मले वाटलं, तनुजाले औशीद भेटन. माह्या डोक्यात तेच बसलं होतं."

"मंग? भेटलं?"

"नाही. मी लावला होता एकडाव फोन, गावातल्या एका पोराकडून. थ्या डॉक्टरीनबाई दुसरीकडं गेल्या म्हने. ते काम बंद झालं. तिकडून इतकंच सांगतलं."

"मंग त्याचं काय केलं तेईनं? कुठं हाये ते?"

"मले माईत नाही," प्रयागबाई म्हणाली.

"माय," दिनेश एवढंच म्हणाला. प्रयागबाई वाट पाहत होती. या दिवसाची तिने दोन वर्षं तयारी केली होती. निकिता शिव्या देईल, ऊर बडवेल, पोरीला घेऊन माहेरी निघून जाईल. या सगळ्यासाठी तिने मन घट्ट केलं होतं. निकिता तसं काहीच करत नव्हती. ती पदरातल्या फडक्याकडे पाहत बसली होती.

"मले इचाराचं होतं आत्याबाई," ती म्हणाली. "तनुजासाठी म्हनलं असतं त मी नाही म्हनलं असतं काय? दुसऱ्या कोनाच्या लेकरासाठी असतं तरी देल्लं असतं मी. वाचून, सोताच्या हातानं देल्लं असतं. मंग मले इथं येऊन बसा लागलं नसतं."

एवढी सोपी गोष्ट होती. दारापासून खाटेपर्यंतची सात-आठ पावलं आणि एक प्रश्न. पोरगी हो म्हणाली असती. आपण चोरलं ते आपल्याला हातात मिळालं असतं. पाप-पुण्याचा विचार करकरून प्रयागबाई झिजली होती, आणि तिच्या हातून घडलेली चूक मात्र एवढीशीच होती, कुठल्या पोथीत नाव नसलेली: तिने सुनेला माणूस म्हणून विचारलं नाही.

"मी तेव्हा डोळे मिटून होतो," निकिता म्हणाली. "माह्यानं पाहून होनार नाही असं वाटलं. म्हनलं, मातीत हाये, आपल्याजवळच हाये, पाह्यलं नाही तरी काय झालं." मग तिने सासूकडे पाहिलं. "तुमी तरी पाह्यलं होतं काय त्याले?"

तिच्या आवाजात राग नव्हता. नुसती आस होती, आणि प्रयागबाईला ती ओळखू आली. हो म्हणायचं होतं. पाह्यलं म्हणायचं, वीतभर होतं, एवढी एवढी बोटं होती, नाक तुझ्यावर होतं म्हणायचं. पोरीला निदान तेवढं धरून बसता आलं असतं. इतकं गोड खोटं प्रयागबाई आयुष्यात कधी बोलली नव्हती, आणि ते तिच्या जिभेवर तयार होतं.

"नाही," ती म्हणाली. "नर्सनं इचारलं होतं, आजी पाह्यता काय म्हून. मी भिताडाकडं तोंड केलं."

निकिता उठली. तिने गाठ सोडली, फडकं दोनदा झटकलं, त्यातली ओली माती खड्ड्यात पडली.

"म्हंजे आपल्यातल्या कोनीच नाही पाह्यलं त्याले," ती म्हणाली.

खुरपं तिने दिनेशच्या हातात दिलं आणि ती मळ्यातून वर घराकडे चालू लागली. तनुजाच्या शाळेची वेळ झाली होती. गुलाबसिंगने लांबून पाहिलं, मग येऊन यंत्र सुरू केलं. प्रयागबाई त्याच्या वाटेत उभी होती. त्याने हाताने बाजूला व्हायची खूण केली, आणि ती बाजूला झाली.